शिरीषाच्या पाकिटातली शेंग

माघ सरत आला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला शिरीष वाजायला लागतो. पानं सगळी गळालेली असतात, अंगावर नुसत्या शेंगा. पिवळट, चपट्या, कागदासारख्या पातळ. आतल्या बिया सुटून मोकळ्या झालेल्या. खाडीकडून वारा आला की सगळ्या शेंगा एकदम खुळखुळतात. तुर्भ्याला ट्रकांची ये-जा दिवसभर थांबत नाही, भोंगे असतात, क्लीनर लोकांची आरडाओरड असते, तरी त्या सगळ्यातून तो आवाज ऐकू येतो. मला तरी येतो. बाकी कुणाला मी विचारलं नाही.

यंदा तो सुरू झाला तेव्हा मी दारात लसूण सोलत बसले होते. हातातली कुडी हातातच राहिली. दुपारची वेळ होती, समोरच्या दोरीवर चादर फडफडत होती, आणि मला वाटलं आतून आत्ता उजू ओरडेल, "आई, तो दरवाजा लाव गं, पानं उडतात!" आत कुणी नव्हतं. उजूचं लग्न होऊन चार वर्षं झाली.

हा आवाज माझ्यासाठी परीक्षेचा आवाज आहे. शिरीष वाजायला लागला की कॉलेजच्या मुलांच्या प्रॅक्टिकल परीक्षा जवळ येतात. हे मला उजूमुळे कळलं. नाहीतर चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला प्रॅक्टिकल म्हणजे काय ते कुठून कळणार? आमच्या पाटणकडच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीची शाळा नदीपलीकडे. नदी मुलांनी ओलांडायची, मुलींनी नाही. मी पाटी आईच्या हवाली केली आणि गप्प बसले. गप्प बसायची मला तेव्हापासूनच सवय. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कागदावर मात्र फुटतो, म्हणून हे लिहिते. उजूच्या जुन्या जर्नलची बरीच पानं कोरी राहिली आहेत. त्यात एक पान रेघांचं असतं आणि समोरचं आकृती काढायला कोरं. मी रेघांच्या पानावर लिहिते. कोरं पान तसंच सोडते.

उजू आमची एकुलती एक. तिचे बाबा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पाठीवर गोणी घेऊन घेऊन त्यांच्या मानेखाली एक घट्टा पडला आहे, उजू लहानपणी त्यावर बोट ठेवून म्हणायची, "बाबा, इथे तुम्हाला पण बटाटा आलाय." बारावीनंतर तिने सायन्सला नाव घातलं आणि सगळे विषय सोडून झाडांचा विषय घेतला तेव्हा बाबांना कळेना.

"झाडांचं शिकून काय करायचं? आमच्या गावाकडं बिनशिकल्याली माणसं झाडं वळखत्यात."

"बाबा, ओळखणं वेगळं. ते कुठल्या घरातलं, हे सांगणं वेगळं."

"झाडाला आन् कसलं घर?"

"असतं. भाऊबंदकी पण असते."

"मग कोर्टात बी जात असत्याल," असं म्हणून ते हसत बाहेर गेले होते. तेव्हा त्यांची कंबर ठीक होती. हसायचे.

उजूचं घराघराचं गणित मला भाजी निवडता निवडता कळत गेलं. मी वाटाणे सोलायला बसले की ती समोर येऊन बसायची. एक शेंग उचलायची, शिवणीवर अंगठा दाबून उघडायची, आणि माझ्यासमोर धरायची. "हे बघ आई, एका बाजूला दाणे चिकटलेत. एकदा इकडच्या अर्ध्याला, एकदा तिकडच्या. अशी शेंग ज्याला येते ते सगळं एक मोठं कूळ. वाटाणा, तूर, चिंच, बाभूळ, गुलमोहर, आपल्या गल्लीतला शिरीष."

"चिंच आन् वाटाणा एका कुळातले?"

"हो. पण फुलं बघायची. फुलांवरून त्यांची तीन घरं पडतात. वाटाण्याचं फूल फुलपाखरासारखं, मागे एक मोठी पाकळी पदरासारखी उभी. पळस, पांगारा, करंज त्याच घरातले. गुलमोहर, बहावा, चिंच दुसऱ्या घरातले, त्यांच्या पाकळ्या मोकळ्या. आणि शिरीष, बाभूळ, लाजाळू तिसऱ्या. त्यांच्या पाकळ्या दिसतच नाहीत. नुसते केसर बाहेर."

मी आयुष्यभर शिरीषाचं फूल म्हणजे एक फूल समजत होते. पावडर लावायचा पफ असतो तसं, मऊ, हिरवट पांढरं, संध्याकाळी वास येणारं. उजूने ते माझ्या तळहातावर ठेवून पिनेने वेगळं करून दाखवलं. ते एक नव्हतंच. वीस-पंचवीस बारकी फुलं एका देठावर गर्दी करून बसलेली. आणि मी ज्याला शिरीषाची डहाळी म्हणत होते, ती डहाळी नव्हती, ते सगळं मिळून एक पान होतं. "बगलेत कोंब कुठे आहे ते बघायचं आई. या बारक्या पानाच्या बगलेत आहे? नाही ना? खाली बघ, या मोठ्या देठाच्या बगलेत आहे. म्हणजे इथून वर सगळं एकच पान. ही नुसती पर्णिका." चाळीस वर्षं मी झाडांखालून गेले होते आणि पान कुठे सुरू होतं हेच मला माहीत नव्हतं.

ती शिरीषाचं पुस्तकातलं नाव घोकताना ते मलाही पाठ झालं. अल्बिझिया लेबेक. भाकरी थापताना तव्याच्या तालावर यायचं. अल्बिझिया लेबेक, अल्बिझिया लेबेक.

आमच्या इथे दुसरंही एक झाड आहे, मार्केटच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी लावलेलं. छत्रीसारखं पसरणारं. उजू त्याला रेन ट्री म्हणायची, तिच्या पुस्तकात विलायती शिरीष असंही नाव होतं. त्याला गुलाबी फुलं येतात आणि शेंगा जाड, काळ्या, आत गुळासारखा चिकट गर. चपलेला चिकटतात. आमच्या शेजारच्या हमीदाभाभी, म्हसळ्याकडच्या, त्यांच्या दोन शेळ्या त्या शेंगांवरच वाढल्या. उजू त्या झाडाखाली शेंगा वेचायला गेली की भाभी ओरडायच्या, "अगो उजू, माझ्या शेल्यांच्या तोंडचा घास काढतंस काय गो? तुझा मास्तर शेंगा खातो काय?"

त्या झाडाचं एक मला फार आवडलेलं. त्याचं घर ठरलेलं होतं, पण घरातली खोली ठरत नव्हती. कुणी त्याला एका नावाखाली टाकलं, कुणी दुसऱ्या, मग एकाने सांगितलं की नाही, हे शिरीषाच्याच शेजारी बसवा. सरांच्या वहीत एक नाव, पुस्तकात दुसरं. मी विचारलं, "मग पहिलं नाव पुसून टाकतात काय?"

"नाही गं. जुनं नाव पुसत नाहीत. नव्याच्या शेजारी लिहून ठेवतात. नाहीतर कुणी शोधत आलं तर त्याला सापडणार कसं?"

उजूच्या शेवटच्या वर्षाला पन्नास झाडांची फाईल करायची होती. तिला हर्बेरियम म्हणतात. झाडाची फांदी पानाफुलासकट आणायची, वर्तमानपत्रात घालून दोन फळ्यांमध्ये दाबायची, रोज कागद बदलायचा, वाळली की जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्याने टाचायची. शेंगा जाड असतात, त्या कागदावर बसत नाहीत. त्यांच्यासाठी घडीचं पाकीट करून त्याच कागदाच्या कोपऱ्यात टाचणीने लावायचं. खाली उजव्या हाताला चिठ्ठी: नाव, कूळ, कुठे मिळालं, कुणी आणलं. ते सगळं इंग्रजीत. उजूने सगळी झाडं शेंगांच्या कुळातलीच घेतली. सर म्हणाले होते, असं कुणी करत नाही, चांगलं होईल.

कागद बदलायचं काम माझं. ती कॉलेजला गेली की मी दुपारी फळ्या सोडायचे, ओले कागद काढायचे, कोरडे घालायचे. ओले कागद दोरीवर वाळत घालायचे. हमीदाभाभी म्हणायच्या, "लोकांच्या दोरीवर कपडे, तुमच्या दोरीवर बातम्या."

एकदा, शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या फाल्गुनात, मीही तिच्याबरोबर झाडं आणायला गेले होते, खारघरच्या डोंगराकडे. तेव्हा तिथे काही नव्हतं. डोंगर, भातखाचरं आणि उन्हाने पांढरी पडलेली वाट. बेलापूरला उतरून आम्ही चालत गेलो. पांगारा फुललेला, अंगावर एक पान नाही, नुसती लाल फुलं. उजू माझ्यापुढे चालत होती, खांद्याला पिशवी, हातात कोयती, आणि मागे वळून वळून मला सांगत होती. एवढी बोलकी पोर माझ्या पोटी कशी आली याचं मला तेव्हा नवल वाटायचं. वाटेत लाकडाचा भारा घेतलेली एक म्हातारी भेटली. आमच्या पिशवीत डोकावून म्हणाली, "पाला कशाला गो? शेल्या हायत का घरा?" उजू म्हणाली, "नाही आजी, परीक्षा हाय." म्हातारी पोट धरून हसली. पाल्याची परीक्षा!

तिथे मी एक बाभळीची फांदी तोडून पदरात घेतली, म्हटलं घरी जाऊन दाबू. उजूने लगेच फळ्या जमिनीवर टाकल्या. "आई, इथेच. आत्ताच. या घरातली पानं तोडली की मिटतात. मिटली की मग कितीही दाब, उघडत नाहीत."

मी पाहिलं. पदरातली पानं खरोखर मिटत चालली होती. एकेक पर्णिका समोरच्या पर्णिकेला लागत होती, जसं कुणी हात जोडावेत. तिने घाईने ती कागदावर पसरली, बोटाने एकेक उघडून धरली आणि मी वरून कागद टाकला. आम्हा दोघींची डोकी एकमेकींना लागली होती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि उन्हाचा वास येत होता. त्या दिवसापेक्षा सुखाचा दिवस मला आठवत नाही.

त्याच वर्षी दिवाळीत उजूच्या बाबांची कंबर गेली. गोणी उचलताना काहीतरी कटकन वाजलं आणि ते तिथेच बसले. दोन महिने घरी होते. पडल्या पडल्या माणसाच्या डोक्यात काळज्या येतात. त्यांच्या बहिणीने, म्हणजे उजूच्या आत्याने, कराडकडचं एक स्थळ आणलं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, घरचं शेत, माणसं बरी. उजूला तर पुढे दोन वर्षं शिकायचं होतं, एम.एस्सी. करायचं होतं. सर म्हणाले होते, पहिला वर्ग आला तर प्रवेश नक्की.

त्यांनी तिला जवळ बोलावलं. मी चुलीपाशी होते. म्हणजे गॅसपाशी, पण मी अजून चूलच म्हणते. ते म्हणाले, "उजे, मी काय तुझा वैरी न्हाई. पयला वर्ग आला तर शिक. मी रांगत जाऊन गोण्या उचलीन. न्हाई आला तर आत्याचं ऐकायचं. बोल."

"चालेल बाबा."

"शबूद?"

"शब्द."

ती हसली होती. तिला खात्री होती. मलाही होती. पहिल्या दोन वर्षांत ती कधी मागे पडली नव्हती.

मग माघ आला, शिरीष वाजायला लागला, आणि परीक्षेला आठवडा राहिला असताना उजूला हिवताप आला. तुर्भ्याला ती साथच होती. दुपारी थंडी वाजून यायची, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे, मग घाम फुटून ती निपचित पडायची. फाईल पुरी झाली होती. पन्नास कागद, प्रत्येकाला चिठ्ठी. खाटेखाली पुठ्ठ्यात बांधून ठेवली होती.

एका दुपारी मी खाटेखाली झाडू फिरवला तर पुठ्ठ्याखाली पिठासारखी भुकटी. हात लावला तर त्यातून बारका भुंगा चालत निघाला. तुरीला लागतो तोच. मी पुठ्ठा सोडला. पाकिटातल्या शेंगांना भुंगा लागला होता. चिंचेला, करंजाला, त्या काळ्या चिकट शेंगांना तर भोकंच पडलेली. आता हा भुंगा पानं खाणार, फुलं खाणार, आणि परीक्षा चार दिवसांवर.

उजू घामाने भिजून झोपली होती. तिला उठवावंसं वाटलं नाही. मला भुंग्याचं काय करतात ते ठाऊक होतं. डाळीला भुंगा लागला की बाई काय करते? ऊन दाखवते. पाखडते. डब्यात कडुलिंबाचा पाला टाकते आणि परत भरते. मी तेच केलं. टाचण्या काढून सगळी पाकिटं सोडवली, शेंगा सुपात ओतल्या, दारात उन्हाला ठेवल्या, पाखडल्या. पाकिटं झटकली. ऊन डोक्यावरून कलंडेपर्यंत मी राखण करत बसले, कारण हमीदाभाभींच्या शेळ्या सुपाकडे बघत होत्या.

भरताना मजा वाटली. हे खोटं कशाला लिहू? मला सगळ्या शेंगा ओळखू येत होत्या. ही चिंच, ही करंज, हा बहावा, ही बाभळीची मण्यांसारखी, ही पांगाऱ्याची काळी वाकडी. ज्याच्या त्याच्या कागदावर ज्याची त्याची शेंग मी घालत गेले. चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या, पण मला चिठ्ठीची गरज पडली नाही. पान बघितलं की कळत होतं. शेवटी दोन शेंगा आणि दोन कागद राहिले. एक शेंग पातळ पिवळी, एक जाड काळी. झाडावर बघितल्या असत्या तर मी डोळे मिटून सांगितलं असतं, ही शिरीषाची आणि ही रेन ट्रीची. पण कागदावर दोन्ही पानं तपकिरी झालेली, अर्ध्या पर्णिका गळून गेलेल्या, आणि फुलांचा गुलाबी रंग उडून दोन्हीकडे सारखाच मळकट कापूस. कुठला कागद कुणाचा ते मला कळेना.

उठवून विचारायचं होतं. एवढंच करायचं होतं. "उजू, यातला शिरीष कुठला गं?" पाच शब्द. पण मी न विचारता तिच्या फाईलला हात लावला होता, सगळी पाकिटं सोडवली होती, आणि मला लाज वाटली. ती काय म्हणेल? मी दोन्ही कागद उंबऱ्यावर ठेवून बराच वेळ बघत बसले. मग वाटलं, ज्याची पर्णिका जरा मोठी त्याची शेंग जाड असणार. मोठ्या पानाला मोठी शेंग. मी काळी शेंग मोठ्या पानाच्या पाकिटात घातली, पिवळी दुसऱ्यात. टाचण्या लावल्या. लिंबाचा पाला टाकला. पुठ्ठा बांधला.

परीक्षेच्या दिवशी ताप उतरला होता, पण तिचे पाय थरथरत होते. मी बांधलेली फाईल तिने तशीच काखेत मारली. दारात थांबून म्हणाली, "आई, टेन्शन नको घेऊ. फाईल बघूनच सर खूश होतील."

ती संध्याकाळी आली. पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायली. मी विचारलं, "कशी गेली?"

"बरी गेली." मग तांब्या खाली ठेवत, "आई, तू शेंगांना ऊन दाखवलंस का गं?"

"व्हय. भुंगा लागला हुता. सगळ्या साफ केल्या, परत घातल्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "बरं केलंस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाटलं ताप परत आला. मी कपाळाला हात लावला तर कपाळ गार होतं.

पहिला वर्ग थोडक्यात हुकला. प्रॅक्टिकलला मार्क कमी पडले, एवढंच तिने सांगितलं. बाबांनी विचारलं, "कसं काय?" ती म्हणाली, "माझंच चुकलं. नीट ओळखता आलं नाही." त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना कुणीतरी अडवायला हवं होतं. मी म्हणाले असते की आजारी होती पोर, ताप होता, एक डाव सोडा, तर त्यांनी ऐकलं असतं. ते वाट बघत होते असंही मला आता वाटतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. तुळशीचं लग्न झाल्यावर हिचं लग्न झालं.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहिलं. स्वाती. सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले. मग कुणीतरी ते तांदूळ सारखे केले आणि ताट आत नेलं. मी त्या ताटाकडे बघत होते. शेजारी कुणी काही लिहिलं नव्हतं. तिकडे आता तिला कुणी उजू म्हणत नाही. कुणी शोधत गेलं तर त्याला सापडणार कसं?

जाताना तिने फाईल स्वतः माळ्यावर टाकली होती. अगदी आत, पितळी भांड्यांच्या मागे, आणि सुतळीच्या दोन-दोन गाठी मारून. म्हणाली, "राहू दे वर. उगाच काढू नकोस, धूळ होते." मी चार वर्षं काढली नाही. गेल्या दिवाळीत उंदीर झाले म्हणून माळा उतरवला आणि गाठ सोडली. मला नुसतं ते पांगाऱ्याचं फूल बघायचं होतं.

मधेच एका कागदावर लाल शाई दिसली. कोपऱ्यातल्या पाकिटाभोवती मोठं लाल वर्तुळ, त्याला लागून प्रश्नचिन्ह, आणि खाली एक ओळ इंग्रजीत. मी पाकीट उघडलं. आत जाड काळी शेंग.

हमीदाभाभींची सून दहावी शिकलेली आहे. मी तो कागद तिच्याकडे नेला. तिने आधी चिठ्ठी वाचली: अल्बिझिया लेबेक. मग तिने लाल ओळ अडखळत वाचली आणि मला सांगितलं, "काकी, असं लिवलंय, शेंग या झाडाची नाही. काम दुसऱ्याकडून करून घेतलेलं दिसतं."

"बरं," म्हणाले मी. कागद घेऊन घरी आले. दार लावलं. पर्णिका मोठी असलेला कागद शिरीषाचा होता. हे झाड रोज माझ्या गल्लीच्या तोंडाशी उभं असतं.

एक वाक्य बोलली असती ती त्या परीक्षकासमोर. माझी आई अडाणी आहे, तिने शेंगा बदलल्या. ती म्हणाली नाही. आणि घरी येऊन मला म्हणाली, बरं केलंस. माझी पोर बोलकी होती. सगळ्या गोष्टी सांगायची. गप्प बसायला ती माझ्यासाठी शिकली.

गेल्या आठवड्यात ती आली होती. बाबांची कंबर आता पुरती गेली आहे, वाशीच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. मुलगा सासूकडे ठेवून दोन दिवसांसाठी आली. पहाटे उठली, बाबांचा डबा केला, दवाखान्यात बसली, माझे पाय चेपले. अंगाने भरली आहे. बोलते कमी. मी दोन्ही दिवस मनात वाक्य जुळवत होते. आज सांगू, उद्या सांगू. शेवटी ती निघाली, मी गल्लीच्या तोंडापर्यंत तिला पोचवायला गेले. रिक्षाची वाट बघत आम्ही शिरीषाखाली उभ्या राहिलो. वारा सुटला होता. डोक्यावर सगळ्या शेंगा वाजत होत्या.

मी म्हणाले, "उजू, त्या फायलीतल्या शेंगा..."

"कुठल्या गं?"

"शिरीषाच्या पाकिटात मी..."

ती समोर रस्त्याकडे बघत होती. पायाशी एक शेंग येऊन पडली होती. तिने वाकून ती उचलली, उजेडासमोर धरली, आणि अंगठ्याने एकेक बी चाचपत टोकापर्यंत गेली. पूर्वी अशीच जायची. मग ती माझ्या हातात देऊन म्हणाली, "आई, ही कशाची शेंग गं?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला खरंच आठवत नव्हतं की काय, मला कळेना.

"शिरीषाची," मी म्हणाले. "अल्बिझिया लेबेक."

"बघ," ती म्हणाली. "तुला येतंय की ओळखता."

रिक्षा आली. ती बसली. मागे वळून तिने हात केला, आणि मार्केटच्या रस्त्याला त्या मोठ्या झाडांच्या सावलीत रिक्षा दिसेनाशी झाली.

घरी येऊन मी फाईल काढली. रेन ट्रीच्या पाकिटातली जुनी पिवळी शेंग काढली, पण तिचा भुगा झाला होता. म्हणून उजूने दिलेली शेंग शिरीषाच्या पाकिटात घातली आणि काळी तिच्या जागी नेली. टाचण्या लावल्या. चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत कुणी आणलं ते लिहिलेलं असतं. तिथे तिचं माहेरचं नाव आहे, पुरं, बापाच्या नावासकट. इंग्रजीत आहे, तरी तेवढं मला आता वाचता येतं.

लाल वर्तुळात आता बरोबर शेंग आहे. प्रश्नचिन्ह तेवढं तसंच आहे.